गल्लीचा रंग बदलणार म्हणे

बेळगावात कुठल्याही जुन्या गल्लीच्या तोंडाला उभं राहून नुसतं ‘मास्टर प्लॅन’ म्हणा, तीन प्रश्न ठरलेले येतात. रस्ता किती फुटाचा होणार, माझं किती जाणार आणि पैसे मिळणार काय. प्रश्न चुकीचे नाहीत, ज्याच्या दाराला लाल रंगाची खूण पडलीय त्याला दुसरं काय सुचणार. पण इथं राहणाऱ्यांचं पुढं काय, हे सहसा कुणी विचारत नाही आणि मला सध्या तेच जास्त छळतंय म्हणून लिहायला बसलोय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

निमित्त साधंच. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकानं नव्या मास्टर प्लॅनच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या, नकाशाचा फोटो टाकला, मोबाईलवर काढलेला, वाकडा, मधोमध ट्यूबलाइटचा चमका, आणि त्यात गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबझार, रविवार पेठ असा सगळा मधला भाग निळा. प्लॅनच्या भाषेत पिवळा म्हणजे राहायचा, निळा म्हणजे कमर्शियल. कच्चा नकाशा आहे, नोटीसबिटीस काही नाही, तरी त्या रात्री ग्रुप बंद होईना. एकजण म्हणतोय, काय बे, करोडपती झालो की आम्ही. लगेच दुसरा, कुठला करोडपती, घरपट्टी भरून मरतोस बघ आता. दोघंही आपापल्या जागी बरोबरच असणार.

मधल्या शहरातलं घर म्हणजे काय हे कॅम्पात नाहीतर सदाशिवनगरात वाढलेल्या माणसाला सांगून कळत नाही. आमचं घर गणपत गल्लीच्या पाठीमागं. रस्त्यावरचं तोंड जेमतेम तेरा-चौदा फूट आणि खोली म्हणाल तर मागच्या बोळापर्यंत. पुढं दुकान. पूर्वी त्याला फळ्या होत्या, प्रत्येक फळीवर खडूनं नंबर घातलेला कारण क्रम चुकला की शेवटची फळी बसायचीच नाही, आता शटर आहे. दुकानाच्या कडेनं अंग चोरून जायची वाट, मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागं परसू, परसात आड. वर माडी. जिना एवढा उभा की गॅसची टाकी दोरीनं ओढून घ्यायची आणि पाहुण्यांना आधीच ओरडून सांगायचं, डोकं सांभाळा. दुकानात आजोबांच्या काळापासून कासार भाडेकरू आहेत, भाडं किती ते लिहिलं तर तुम्ही हसाल. परसाकडच्या खोलीत टेलर, ब्लाउज आणि फॉल-पिको.

आता बस्त्याच्या दिवसात इथं काय होतं ते बघा. लग्नसराई सुरू झाली की खानापूर साइडनं, चंदगडाहून (ते महाराष्ट्रात, पण बस्ता बांधायला बेळगावच) टेम्पो भरून माणसं येतात. नवरीची आई, मावश्या, आत्या, एक रुसलेली चुलती आणि पिशव्या धरायला एक पोरगा. साड्या खडेबझारात होतात, दर परवडला नाही की सगळी वरात उठून पुढच्या दुकानात, तिथून परत पहिल्याच दुकानात. साडी झाली की ब्लाउजचं माप द्यायला आमच्या परसात, कारण दुकानदारच सांगतो, मागं जावा, परवापर्यंत देतील शिवून. परसातून बाहेर येताना बांगड्या. कासारीण मावशी नवरीचा हात हातात घेतात, साबणाचं पाणी लावतात, अंगठ्याचा सांधा आत दाबतात आणि बोलत बोलत बांगडी अशी चढवतात की पोरगी आई गं म्हणायच्या आत काम झालेलं असतं. सासर कुठलं, नवरा काय करतो, सगळी चौकशी तेवढ्यात. मग भांडी, मग रविवार पेठेत किराणा आणि संध्याकाळच्या गाडीच्या आधी कुंद्याचा बॉक्स.

ह्या सगळ्या साखळीत सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव कुणाचं? आमचं. एकट्या आमचं. मावशींचं नाही, टेलरचं नाही, दारात पाटी घेऊन बसणाऱ्या लिंबू-मिरचीवाल्या आजीचं तर नाहीच नाही. नकाशा करणारा माणूस वाईट असतो असं मला म्हणायचं नाही, पण त्याच्यापुढं प्लॉट असतो आणि एका प्लॉटला एकच रंग भरता येतो. पुढं धंदा, मागं धंदा, मधे संसार, वर संसार, ह्याला कुठला रंग?

आता काही जाणकार म्हणतील, निळ्या झोनमध्ये राहायला बंदी कुठाय? खरंय, बंदी नाही. कमर्शियलमध्ये घर चालतं, उद्या कुणी येऊन चूल विझवा म्हणणार नाही. माणूस हलतो तो वेगळ्याच वाटेनं आणि ती वाट मला कळायला बराच वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कर्नाटकात किती मजले चढवता येतील हे एफएआरवर ठरतं (महाराष्ट्रातले लोक एफएसआय म्हणतात ते, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) आणि एफएआर ठरतो प्लॉटच्या आकारावर आणि समोरचा रस्ता किती रुंद आहे त्यावर. म्हणजे रस्ता रुंद झाला की निव्वळ गाड्यांची सोय होत नाही, कडेच्या जागेला जास्त मजले बांधायची परवानगी मिळते. जागेचा भाव वाढतो, गाइडन्स व्हॅल्यू म्हणजे सरकारनं ठरवलेला जागेचा दर वाढतो, आणि घरपट्टी आता त्याच गाइडन्स व्हॅल्यूला जोडलेली असल्यामुळं तीही वर जाते, राहणाऱ्याची कमाई वाढो न वाढो. बरं, मग तूच बांध की चार मजले, असं म्हणाल तर तेरा फुटी तोंडाच्या प्लॉटवर नियमाप्रमाणं सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून मोकळी जागा, सोडा, खाली पार्किंग काढा, जिना आणि लिफ्ट काढा, उरतं काय? भिंत. आणि रुंदीकरणात पुढचे सहा फूट गेलेले असले तर दुकानच गेलं, म्हणजे ज्या भाड्यावर घराची डागडुजी होते तेच गेलं. गेलेल्या जागेच्या बदल्यात टीडीआर देतात, म्हणजे पैशाऐवजी एक सर्टिफिकेट, तुमच्या नावावर एवढा जादा बांधायचा हक्क. ज्याला स्वतःच्या प्लॉटवर बांधताच येत नाही त्यानं तो हक्क वापरायचा कुठं? मग तो विकायचा. घेणार कोण, तर बिल्डर. आणि बिल्डरला एक घर घेऊन उपयोग नसतो, शेजारची तीन घेऊन प्लॉट एकत्र केला की मग नियमात सगळं बसतं.

तर असं आहे ते. कुणी कुणाला उठवत नाही. ओळीतलं एक घर विकलं जातं, मग दुसरं, आणि मधल्याला दोन्ही बाजूनं पाया खणायला लागले की सामाईक भिंतीला तडे जातात आणि तो पण सही करतो. मालकाला निदान पैसे मिळतात, तो अनगोळला नाहीतर हिंदवाडीत फ्लॅट घेईल. मावशींचं काय? तोंडी भाडं, पावती असली तर असली. नवीन कॉम्प्लेक्समध्ये गाळ्याचं डिपॉझिट ऐकून त्या नुसत्या हसतील.

हे सगळं माझ्या डोक्यातलं भूत नाही. किल्ल्याजवळची कॅन्टोन्मेंटमधली घाऊक भाजी मार्केट 2019 मध्ये एपीएमसीच्या आवारात नेली. कारणं पटणारी होती, पहाटे तिथं ट्रक, टेम्पो, बैलगाड्या आणि चिखल ह्यांचा जो काला व्हायचा तो बघितलेला माणूस मार्केट हलवू नका म्हणणार नाही. व्यापाऱ्यांना तिकडं गाळे झाले. पण मार्केटच्या जिवावर तिथं कोण कोण जगत होतं, पहाटे तीनला स्टोव्ह पेटवणारा चहावाला, पोती शिवणारे, हमालांच्या जेवणाचे डबे करणाऱ्या बायका, ह्यांना कुठला गाळा आणि कुठली यादी. पुढं 2022 मध्ये गांधीनगरकडं खासगी मार्केट निघालं, व्यापारी तिकडं वळले, एपीएमसीत गाळे घेतलेले बोंबलत राहिले आणि त्यावरून आंदोलनं, कोर्ट, सगळं झालं. जागा बदलायचा निर्णय एका कागदावर झाला, निस्तरायला कितीजण लागले बघा.

किंवा स्मार्ट सिटी घ्या. 2016 च्या जानेवारीत पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले नाहीत एवढंच. केंद्राचे पाचशे कोटी आणि राज्याचे तेवढेच असा हिशेब होता. कामं झाली, नाही कशाला म्हणू, काही रस्ते खरंच चांगले झालेत. पण टिळकवाडीतलं कलामंदिर गेलं आणि तिथं भलीमोठी कमर्शियल इमारत उभी राहिली. आणि शहापुरात तर एक रस्ता झाला, त्यावरून लोक गाड्या चालवायला लागले, आणि मग कोर्टात निघालं की जमीन रीतसर संपादनच केलेली नाही, आणि 2024 मध्ये ती मूळ मालकाला परत द्यायची पाळी आली. केलेला रस्ता बंद! हे वाचून मी आधी हसलो आणि मग मला भीती वाटली, कारण त्या मालकाकडं कोर्टात जायची ताकद होती. तेरा फुटी घरवाल्याकडं ती असते काय?

जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही, हेही सांगून टाकतो. आमच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स आत येत नाही. शेजारच्या आजींना रात्री खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून नेलं मेन रोडपर्यंत, आणि त्या चौघांत मी होतो, त्यामुळं रुंद रस्त्याची टिंगल मला जमत नाही. आग लागली तर बंब कुठं थांबणार माहीत नाही. गटार तुंबलं की दुकानात पाणी. शनिवारच्या बाजाराला आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर चालायलाच जागा नसते, बापट गल्लीच्या पार्किंगमध्ये गाडी लावायला मिळाली तर लोक ग्रुपवर फोटो टाकतात. माडीवरच्या सुनांना लिफ्ट पाहिजे, अटॅच संडास पाहिजे, आणि का नको? वाड्याचं कौतुक करणारे बहुतेक जण स्वतः फ्लॅटमध्ये राहतात हे मी बघून ठेवलंय.

पण रुंद रस्ता आणि मोकळी हवा पाहिजे असेल तर ते गाव बेळगावात आधीच आहे की. 1818 ला किल्ला इंग्रजांच्या हातात गेला, मग त्यांनी आपल्यासाठी कॅम्प वसवला, मोकळ्या जागेवर, सरळ रस्ते, झाडं, बंगले. टिळकवाडी पुढं अशीच आखून झाली. पेठ मात्र कुणी आखली नाही. शहापूर तर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं, म्हणजे एका शहरात दोन राज्यं आणि दोन बाजार, म्हणून तर आपल्याकडं खडेबझार पण दोन आहेत आणि नवीन माणूस पत्ता विचारताना हमखास चुकतो. विणकर मागं माग टाकून बसायचे आणि पुढं साडी विकायचे. धंदा आणि घर एकाच छताखाली असणं ही पेठेची चालच आहे. ती मोडून पेठेला कॅम्प करायला गेलो तर दोन्ही हातचं जाणार.

आणि एक गोष्ट नकाशात कधीच येत नाही, ती म्हणजे रात्र. दुकानं साडेआठ-नऊला बंद झाल्यावर गल्लीत कोण असतं? राहणारे. कट्ट्यावर म्हातारे, क्रिकेट खेळणारी पोरं, माडीवरून भाजीची टोपली दोरीनं खाली सोडणाऱ्या बायका. निव्वळ कमर्शियल झालेली एक-दोन कॉम्प्लेक्स आपल्याकडं आहेत, नऊनंतर तिथून एकटी बाई जाते काय बघा. गणपती मंडळांचंच उदाहरण घ्या. आमच्या मंडळातली निम्मी पोरं आता वडगाव, अनगोळ, शिवाजीनगर अशी पांगलीत, अकरा दिवस स्कूटर काढून गल्लीत येतात, पट्टी गोळा करतात, ढोल बडवतात आणि विसर्जन मिरवणूक हुतात्मा चौकातून निघून कपिलेश्वरापर्यंत पोचेस्तोवर दुसरा दिवस उजाडलेला असतो. तेरावा दिवस उजाडला की गल्लीत मंडपाचे खड्डे आणि आम्ही राहणारे. कार्यकर्ते बाहेरगावचे आणि गणपती गल्लीचा, हे अजून किती वर्षं चालेल?

आता जरा कडू बोलतो, राग मानू नका. सीमाभागात आपण मराठी माणसं कशाकशासाठी रस्त्यावर उतरलो त्याची यादी मोठी आहे आणि मला त्याचा अभिमानच आहे. सतरा जानेवारीला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, मी हुतात्मा चौकात असतो, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला दंडाला काळी फीत असते. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे म्हणून पाट्या काढायला आले की अर्ध्या तासात शंभर माणूस जमतं. पण ज्या नकाशानं ती पाटी लावायची भिंतच जाणार आहे तो नकाशा बघायला दहाजण जात नाहीत. आपले नेते भाषण पाटीवर करतात, झोनिंगवर करत नाहीत, कारण झोनिंगवर टाळ्या मिळत नाहीत. आणि पलीकडच्या बाजूचं पण हेच आहे. रविवार पेठेतले कन्नड बोलणारे घाऊक व्यापारी, खडेबझारातले मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या इथं असलेले मारवाडी, आणि आम्ही, ह्या एका बाबतीत सगळे एकाच बोटीत बसलोय. गटार तुंबलं की सगळ्यांच्याच दुकानात पाणी येतं. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात 2004 पासून आहे, तो सुटेल तेव्हा सुटेल, तोपर्यंत गल्ली शिल्लक राहिली पाहिजे एवढंच माझं म्हणणं.

कायद्यात बोलायला जागा आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. कर्नाटकाचा 1961 चा नगररचना कायदा आहे. त्यात मास्टर प्लॅनचा मसुदा प्रसिद्ध झाला की लोकांना लेखी म्हणणं मांडायला 60 दिवस मिळतात. मंजूर प्लॅनमध्ये नंतर एखाद्या जागेचा वापर बदलायचा असेल तर पेपरात नोटीस देऊन निदान 15 दिवस द्यावे लागतात. आणि हे काम महापालिकेचं नाही, बुडाचं (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचं) आहे. त्यामुळं 58 वॉर्डांतल्या कुठल्याही नगरसेवकाकडं गेलात की तो खांदे उडवून म्हणणार, आमच्या हातात काय नाही ओ, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटं पण नाही. नोटीस येते ती पेपरच्या आतल्या पानावर, श्रद्धांजलीच्या जाहिरातींशेजारी, कन्नडमध्ये, बारीक टायपात. आमच्याकडं साठ दिवस असेच जातात, कुणाला कळायच्या आत.

म्हणून ह्या वेळी नोटिशीची वाट न बघता देवळात बसून आम्ही एक अर्ज तयार केलाय. मागण्या मोठ्या नाहीत. जिथं माणसं राहतात तिथं मिश्र वापर दाखवा, सरसकट निळा नको. अरुंद प्लॉटला सेटबॅक आणि पार्किंगचे नियम वेगळे करा, म्हणजे ज्याचं त्याला बांधता येईल, विकायची पाळी येणार नाही. सगळे रस्ते रुंद करण्याआधी बंब आणि ॲम्ब्युलन्स कुठून येईल तेवढे ठरावीक रस्ते आधी मोकळे करा. आणि रंग भरायच्या आधी घरोघरी येऊन भाडेकरू किती, धंदा किती, राहणारे किती ते मोजा. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे, त्यात आधी सर्व्हे करा मग हलवा असं स्पष्ट आहे, मग तीच रीत भाडेकरूंना का नको? अर्ज कन्नड आणि मराठी दोन्हीत केलाय, कन्नड मसुदा रविवार पेठेतल्या एका वकिलांनी लिहून दिला, फी घेतली नाही, वर दोन मुद्दे त्यांनीच घातले.

सह्या गोळा करताना एक घर अडलं. आमच्या समोरचे काका, वय पंच्याहत्तरच्या पुढं, गल्लीत त्यांच्या शब्दाला मान आहे. अर्ज पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “मी नाही करत सही. तुमचं बरं हाय, तुमची पोरं अजून इथं आहेत. माझा मुलगा पुण्याला, सून म्हणती मी त्या जिन्यावरून चढणार नाही. माझे गुडघे गेलेत. निळा झाला तर मला चार पैसे जास्ती येतील आणि मी खालच्या मजल्यावरचा फ्लॅट घेईन. तू मला सांग की, मी कुणासाठी धरून बसू?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, काका, मग तुमचे भाडेकरू? ते म्हणाले, त्यांच्या सह्या घे, मी आड येणार नाही. आणि खरंच, त्यांच्याच दुकानातल्या भांडीवाल्यानं त्यांच्यासमोर सही केली, काकांनी स्वतःचं पेन दिलं. आता ग्रुपवर वाद चाललाय की मालकाची सही नसताना भाडेकरूची सही अर्जाला जोडायची की नाही. वकील म्हणतात जोडा, राहतो तो माणूस हरकत घेऊ शकतो. गल्लीतले निम्मे मालक म्हणतात, असं केलं तर उद्या भाडेकरू डोक्यावर बसतील. रविवारी परत बैठक आहे.